कारागीर पळवला, की आपणच गमावला?

"आम्ही शिकवून तयार केला आणि मोठ्या शेठने चार पैसे जास्त देऊन उचलून नेला." मोमिनपुरा, हंसापुरी, टेका या भागांतील कोणत्याही कारखान्यात घटकाभर बसले की ही तक्रार कानावर येते. शिलाईचे दुकान असो, फर्निचरचा कारखाना असो की मोटार गॅरेज, दुखणे एकच. क्रीडाक्षेत्रातही नेमकी हीच तक्रार चालू असते. श्रीमंत संघ पैशाच्या जोरावर नामांकित खेळाडू घेतो आणि दुसऱ्या संघाचे चाहते हात चोळत बसतात. आपल्या विदर्भाच्या क्रिकेट संघाने या व्यवहाराच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. त्यांचा हिशेब मांडला तर व्यापारी आणि कारागीर बांधवांना त्यातून घेण्यासारखे बरेच आहे, असे आम्हाला वाटते.

होळकरांची तिजोरी

खेळाडू पैशाने नेण्याची रीत आयपीएलने सुरू केली, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. भारताचे पहिले कसोटी कर्णधार कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ साली नागपुरात झाला. ते इथेच शिकले, इथेच खेळले. १९२३ साली होळकर महाराजांनी त्यांना इंदूरला बोलावून आपल्या फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला. त्यांच्या भोवती मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर असे मातब्बर खेळाडू जमले आणि होळकर संघाने ४ वेळा रणजी करंडक जिंकला. नागपूरचे रत्न इंदूरच्या मुकुटात बसले. नागपूरजवळ तेव्हा ना तेवढी तिजोरी होती, ना हुद्दा.

त्याच होळकर संघाची एक गोष्ट व्यापाऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळले. शंभराच्या पुढे जितक्या धावा कराल, तितके रोख इनाम देईन, असा शब्द एका धनिक व्यापाऱ्याने दिल्याचे कॉम्प्टन सांगत असत. कॉम्प्टन यांनी नाबाद २४९ धावा काढल्या. तंबूत परतले तर शेठजींची चिठ्ठी हाती पडली: तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जावे लागले. होळकर संघ तो सामनाही हरला. दिलेला शब्द न पाळणाऱ्याचे नाव असे राहते.

विदर्भाचा सौदा

विदर्भ संघ १९५७-५८ पासून रणजी खेळतो आहे. पहिल्या साठ वर्षांत करंडक एकदाही आला नाही. मग संघटनेने बाहेरचे खेळाडू आणले. क्रिकेट मंडळाच्या नियमाप्रमाणे असे मोजकेच पाहुणे व्यावसायिक घेता येतात आणि त्यांना जुन्या संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. कर्नाटकचे गणेश सतीश आले. मुंबईचे वसीम जाफर २०१५-१६ मध्ये आले. २०१७ मध्ये मुंबईचेच चंद्रकांत पंडित प्रशिक्षक झाले. आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने दिल्लीला ९ गडी राखून हरवले व पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. सामना झाला इंदूरला, होळकरांच्या नावाच्या मैदानावर. विजयी धावा जाफर यांच्याच बॅटमधून निघाल्या.

इथे कोणी म्हणेल, विदर्भाने करंडक विकत घेतला. पण तो संघ नीट पाहा. कर्णधार फैज फजल नागपूरचे. ते मधल्या काळात रेल्वेकडून खेळून घरी परतले होते. अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेणारे रजनीश गुरबानी, शतक करणारे अक्षय वाडकर, फिरकी टाकणारे आदित्य सरवटे आणि अक्षय वखरे, ही सगळी विदर्भाच्या मैदानांवर तयार झालेली मंडळी. पाहुणे दोन-तीन, बाकी घरचे. पुढच्या वर्षी विदर्भाने सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून करंडक राखला, तेव्हा सरवटे यांनी ११ बळी घेतले, तर चाळिशी गाठलेल्या जाफर यांनी हंगामात १०३७ धावा केल्या. उस्ताद बाहेरचा, शागीर्द घरचे, असा हा कारखाना होता. उस्तादाने नुसता माल काढला नाही, हात तयार केले.

मजुरी आणि इमान

जाफर यांच्या व्यवहारातील एक बाब तर आपल्या प्रत्येक दुकानात सांगितली जावी. पहिल्या विजेतेपदाच्या आदल्या हंगामात दुखापतीमुळे त्यांना खेळता आले नव्हते. तरीही विदर्भाने ठरलेले मानधन हप्त्याहप्त्याने पूर्ण चुकते केले. ही गोष्ट मनात ठेवून २०१७-१८ च्या हंगामात जाफर एक पैसाही न घेता खेळले. मालकाने आजारी कारागिराची मजुरी कापली नाही. कारागिराने न केलेल्या कामाचे पैसे अंगावर ठेवले नाहीत. मजुरी वेळेवर देण्याविषयी आणि करार लिहून ठेवण्याविषयी आपल्या दीनची ताकीद सर्वांना पाठ आहे. अंमल किती जण करतात, हे ज्याने त्याने आपल्या वहीत पाहावे.

आपलेही जातात

आता दुसरी बाजू. हेच आदित्य सरवटे २०२४-२५ च्या हंगामात केरळकडे गेले. योगायोग असा की त्या वर्षी अंतिम सामना नागपुरात जामठ्यालाच झाला, विदर्भ विरुद्ध केरळ. सरवटे यांनी आपल्याच माजी संघाविरुद्ध ७९ धावा केल्या. उलट कर्नाटकच्या संघाबाहेर पडलेले करुण नायर २०२३ पासून विदर्भाकडे होते. कसोटीत त्रिशतक केलेल्या या फलंदाजाने अंतिम सामन्यात ८६ आणि १३५ धावा केल्या. नागपूरच्या तरुण दानिश मालेवारने १५३ धावा काढल्या. सामना अनिर्णित राहिला, पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसरा करंडक घेतला. त्यानंतर नायर कर्नाटकात परतले. पंडित तर आधीच मध्य प्रदेशकडे गेले होते आणि २०२२ साली त्या संघालाही त्यांनी करंडक मिळवून दिला. कारागीर येतात, जातात. सरवटे गेले त्याच वर्षी विदर्भाच्या हर्ष दुबे यांनी ६९ बळी घेऊन रणजीच्या एका हंगामातील विक्रम केला. जागा रिकामी राहिली नाही, कारण मागे हात तयार होता.

बांधून ठेवण्याचा उपाय

काही मालक म्हणतात, कारागिराला जाऊच देऊ नये. आगाऊ रक्कम देऊन त्याला बाकीत अडकवून ठेवावे. अमेरिकेत बेसबॉल या बॅट-चेंडूच्या खेळात नेमके हेच चालत असे. करार संपला तरी खेळाडूवर जुन्या क्लबचाच हक्क. १९६९ साली कर्ट फ्लड या खेळाडूला न विचारता दुसऱ्या शहराच्या संघात पाठवले गेले. तो न्यायालयात गेला आणि १९७२ मध्ये तिथे हरला. पण १९७५ मध्ये लवादाने दुसऱ्या दोन खेळाडूंना मोकळे केले आणि ती वेठ संपली. आज तिथे ओहतानी या खेळाडूशी लॉस एंजेलिसच्या क्लबने १० वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा करार केला आहे आणि छोट्या शहरांचे चाहते चिडतात. त्यांची चीड खोटी नाही. तिजोरीची ताकद सारखी नसते, हे खरेच आहे. म्हणून तिथे ठरावीक मर्यादेपलीकडे खर्च करणाऱ्या क्लबला कर भरावा लागतो. आपल्या आयपीएलमध्ये तर सर्व संघांची थैली सारखीच. २०२५ च्या हंगामासाठी ती प्रत्येकी १२० कोटी रुपये होती. फुटबॉलमध्ये करार चालू असताना खेळाडू विकला गेला, तर रकमेतील ५ टक्क्यांपर्यंत वाटा त्याला १२ ते २३ वर्षांच्या वयात शिकवणाऱ्या क्लबांना मिळतो. शिकवणाऱ्याचा हक्क जगाने मानला आहे. पण कारागिराला बांधून ठेवण्याचा हक्क कोणीही मानलेला नाही.

आपल्याकडे तर हा मसला फार पूर्वीच सुटला आहे. भावाचा सौदा चालू असताना त्यावर सौदा करू नये, ही शिकवण आहे. लिलावाची बोली मात्र जायज आहे. म्हणजे मुदत चालू असलेल्या कारागिराला मागच्या दाराने फोडणे गैर. मुदत संपल्यावर उघडपणे जास्त मजुरी देणे गैर नाही.

म्हणून आमचे कारखानदार बांधवांना सांगणे आहे. कामाची मुदत आणि मजुरी साध्या कागदावर का होईना, लिहून घ्या. सोडून जायचे तर किती दिवस आधी सांगायचे, तेही लिहा. शागिर्दाला शिकवण्याचा काळ आणि त्यानंतरची वाढ आधीच ठरवा. दुसऱ्याकडून उस्ताद आणाल तर त्याच्या हाताखाली दोन मुले बसवा. जाणाऱ्याचा हिशेब त्याच दिवशी पूर्ण करा. फैज फजल यांच्यासारखा परत येणाराही असतो, पण तो त्याच दारात येतो जिथून निघताना त्याची मजुरी अडली नव्हती.