स्टॅबिलायझर राहू द्या, आधी अर्थिंग बघा

मानोऱ्यात लॅपटॉप बिघडला की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरसाठी बहुधा अकोला नाहीतर अमरावती गाठावी लागते. एसटीचे भाडे, एक दिवसाची रजा, आणि तिथे गेल्यावर ‘पार्ट मागवावा लागेल’ असे ऐकून पुन्हा दुसरी फेरी. त्यामुळे चुकीचा सल्ला इथे शहरापेक्षा महाग पडतो. आणि सल्ल्यांना तोटा नाही. लॅपटॉप आता सेतू केंद्रापुरता राहिलेला नाही. कॉलेजची मुले, शिक्षक, मेडिकलचे दुकानदार, पुण्यातली नोकरी सांभाळत काही दिवस गावाकडून काम करणारे, असे सगळेच तो वापरतात. त्यातल्या अनेकांना मिळालेले ज्ञान शेजाऱ्याकडून किंवा मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजमधून आलेले असते. त्यातले काही एकेकाळी खरे होते, काही कधीच खरे नव्हते.

“बॅटरी पूरी उतरल्याबिगर चार्जिंगले लावू नको”

हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांसाठी होता. अर्धवट चार्ज करत राहिले तर त्यांची क्षमता घटल्यासारखी वाटायची. सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिच्या पायाभूत संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आजच्या लॅपटॉपमध्ये हीच बॅटरी असते आणि तिचा स्वभाव जुनीच्या उलट आहे. पुन्हा पुन्हा शून्यावर नेली तर ती लवकर म्हातारी होते. वीस टक्क्यांच्या आसपास आली की चार्जिंगला लावावी. नवा लॅपटॉप आणल्यावर आठ तास चार्ज करण्याचीही गरज नाही.

रात्रभर चार्जरला राहिला तर बॅटरी फुटते, ही भीतीही बरीच पसरलेली आहे. चांगल्या लॅपटॉपमधले सर्किट बॅटरी भरली की चार्जिंग थांबवते. खरा शत्रू वेगळाच आहे, तो म्हणजे उष्णता. पोहरादेवीची रामनवमीची यात्रा ते मृग लागेपर्यंतचा आपल्याकडचा काळ आठवा. भर दुपारी पत्र्याच्या खोलीत चाळीस अंश ही काही नवलाची गोष्ट नाही. अशा ४० अंश तापमानात बॅटरी पूर्ण भरून वर्षभर ठेवली, तर तिची परत मिळणारी क्षमता सुमारे ६५ टक्क्यांवर येते. तीच बॅटरी ४० टक्के भरून ठेवली तर सुमारे ८५ टक्के क्षमता उरते. म्हणजे ऊन आणि पूर्ण भरलेली बॅटरी ही जोडी सगळ्यांत वाईट.

लॅपटॉप दिवसभर टेबलावर प्लगला लावूनच वापरत असाल, तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. लेनोवो, एचपी, डेल, आसुस या सगळ्यांच्या बऱ्याच मॉडेलांत ही सोय असते. कुठे ती कंपनीच्या अॅपमध्ये मिळते, कुठे बायोसमध्ये. महिनाभर बाहेरगावी जाणार असाल तर बॅटरी निम्मी भरून लॅपटॉप बंद करा आणि घरातल्या सगळ्यांत थंड खोलीत ठेवा.

गादीवर किंवा गोधडीवर ठेवून काम करू नका, कारण खालची हवा आत ओढायची भोके बुजतात. सोयाबीन आणि तुरीच्या मळणीच्या दिवसांत तर बारीक भुसा घरात शिरतोच, आणि पंख्याच्या पात्यांवर त्याचा थर बसतो. वर्षातून एकदा जाणकाराकडून पंखा साफ करून घेतला, तर जुना लॅपटॉपही गपगुमान चालतो. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला किंवा झाकण नीट बसेनासे झाले, तर बॅटरी फुगली आहे असे समजा. तो लॅपटॉप पुन्हा चार्जिंगला लावू नका आणि बॅटरी दाबू नका.

“बॉडीले हात लावला का झिनझिन्या येतात, म्हणजे लॅपटॉपमधी करंट उतरला”

ही तक्रार धातूच्या लॅपटॉपबद्दल हमखास ऐकू येते. त्यावर लॅपटॉप बदला, चार्जर बदला, स्टॅबिलायझर घ्या असे उपाय सुचवले जातात. दोष मात्र अनेकदा घराच्या वायरिंगमध्ये असतो.

चार्जरच्या आत विजेतला गोंगाट गाळणारा एक फिल्टर असतो. त्यातल्या एका छोट्या कपॅसिटरमधून अगदी किंचित प्रवाह दुसऱ्या बाजूला झिरपतो. तीन पिनांच्या चार्जरमध्ये तो तिसऱ्या पिनेतून जमिनीत निघून जावा, अशी रचना केलेली असते. घराला अर्थिंगच नसेल, किंवा आपण तिसरी पिन टाळून दोन पिनांचा अडॅप्टर लावला असेल, तर तो प्रवाह लॅपटॉपच्या अंगावर राहतो आणि मनगटाला झिणझिण्या येतात. अस्सल चार्जर असेल तर हा प्रवाह फार थोडा असतो. स्वस्त नकली चार्जरची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या आत घरातली वीज आणि लॅपटॉपकडे जाणारी वीज यांच्यात जे अंतर आणि आवरण हवे, त्यातच काटकसर केलेली असते. तो जिवावर बेतू शकतो. चार्जरवर पैसे वाचवू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो.

अर्थिंगबद्दल आपल्या भागाची एक अडचण आहे. काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण उन्हाळ्यात ती वाळते, भेगाळते आणि अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते. जुलैमध्ये ठीक असलेले अर्थिंग मे महिन्यात निकामी होते ते यामुळे. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून उन्हाळ्यात अधूनमधून पाणी सोडण्याची जुनी पद्धत आजही उपयोगाची आहे. वायरमनला बोलावून फेज आणि अर्थ यांच्यात टेस्ट लॅम्प पेटतो का, एवढे एकदा तपासून घ्या. ते स्वतः मात्र करू नका.

आता स्टॅबिलायझर. फ्रिजला तो लागतो, लॅपटॉपला नाही. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे छापलेले असते. या पल्ल्यात व्होल्टेज खाली-वर झाले तरी चार्जर लॅपटॉपला ठरलेलाच दाब देतो. लाइट गेली तरी बॅटरी असल्यामुळे काम बुडत नाही. बंद पडतो तो इंटरनेटचा राउटर. म्हणून इन्व्हर्टर नसलेल्या घरात राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घेतलेला बरा. स्टॅबिलायझरचे पैसे तिथे जास्त कामी येतील.

वीज पडते तेव्हा मात्र यातले काहीच वाचवत नाही. जवळपास वीज कोसळली की तारांतून एका क्षणात प्रचंड दाब येतो. स्टॅबिलायझर तेवढ्या वेगाने हलत नाही आणि एमसीबी त्यासाठी बनवलेलीच नसते. भिंतीवरचे बटण बंद करूनही भागत नाही, कारण बटणातली फट एवढीशी असते की तो दाब ती ओलांडू शकतो. सर्ज प्रोटेक्टर काही प्रमाणात उपयोगी पडतो, पण तो जादा वीज जमिनीत ढकलतो. अर्थिंग नसलेल्या घरात त्याला ढकलायला जागाच नसते. मान्सूनच्या आधी आपल्याकडे दुपारनंतर आभाळ भरून येते, तेव्हा चार्जर सॉकेटमधून काढून ठेवा. राउटरला जोडलेली वायरही काढा, कारण तीही बाहेरूनच आलेली असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ अॅप जवळपास वीज पडण्याचा इशारा देते. ते मोफत आहे. शेतात राबणाऱ्या माणसाच्या मोबाइलमध्ये तर ते असायलाच हवे.

“राइट क्लिक करून रिफ्रेश मार, फास्ट होते”

होत नाही. रिफ्रेशने डेस्कटॉपवरची चित्रे पुन्हा काढली जातात, बाकी काहीही घडत नाही.

विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे आणि ती बहुतेक लॅपटॉपमध्ये चालू असते. त्यामुळे शटडाउन केले तरी प्रणालीचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर जपला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. अडकलेली गडबडही त्यासोबत परत येते. लॅपटॉप विचित्र वागत असेल तर शटडाउन करण्याऐवजी रीस्टार्ट करा.

कायमचा मंदपणा असेल तर आत फिरती हार्ड डिस्क आहे का ते बघा. तिच्या जागी एसएसडी बसवली की जुन्या यंत्रात जेवढा फरक पडतो, तेवढा दुसऱ्या कशानेही पडत नाही. रॅम ४ जीबी असेल आणि वाढवायची सोय असेल, तर ८ करून घ्या.

नागपूर-पुण्याहून जुना लॅपटॉप घेणारे विद्यार्थी ‘आय सेव्हन आहे’ एवढ्यावर भुलतात. नावापुढचा आकडा वाचा. आय७-६६००यू हा सहाव्या पिढीचा प्रोसेसर आहे आणि त्यात दोनच कोअर आहेत. आय५-८२५०यू आठव्या पिढीचा, त्यात चार. आय फाइव्ह असूनही दुसराच सरस आहे. शिवाय विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर मान्य आहे, आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा-अपडेटसाठी नोंदणीची सोय मायक्रोसॉफ्टने दिली, पण तीही मुदतीपुरतीच. सहाव्या पिढीचे यंत्र घेणार असाल तर हे ठाऊक असून घ्या. घेण्याआधी बॅटरी रिपोर्ट काढून दाखवायला सांगा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. विकत घ्यायच्या अँटिव्हायरसचा आग्रह दुकानदाराने केला तर नम्रपणे नाही म्हणा. विंडोजमध्ये डिफेंडर असतोच, आणि घरगुती वापराला तो पुरतो. मात्र अपडेट बंद करून ठेवू नका.

“झाकण लावलं म्हणजे बंद झाला”

प्रवासात सगळ्यांत जास्त नुकसान या समजुतीने होते. झाकण लावल्यावर लॅपटॉप झोपतो, बंद होत नाही. नव्या लॅपटॉपांत ती झोप इतकी हलकी असते की अपडेट आले तर तो बॅगेतच जागा होतो. बंद बॅगेत पंख्याला हवा मिळत नाही. उतरल्यावर बॅग उघडावी तर आत चटका बसेल इतका तापलेला लॅपटॉप आणि संपलेली बॅटरी. म्हणून एसटीत चढण्याआधी पूर्ण शटडाउन करा, किंवा पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन झाकण लावल्यावर ‘हायबरनेट’ होईल असे ठरवा. फिरती हार्ड डिस्क असेल तर खड्ड्यांच्या रस्त्यावर लॅपटॉप चालू ठेवणे टाळाच.

मानोऱ्याहून पुण्याला रेल्वेने जायचे तर आधी मूर्तिजापूर, बडनेरा किंवा अकोला गाठायचे आणि महाराष्ट्र एक्सप्रेससारखी गाडी धरायची. रात्री चार्ज करून सकाळी काम करू, हा बेत तिथे फसतो. डिसेंबर २०१३ मध्ये बंगळूर-नांदेड एक्सप्रेसला लागलेल्या आगीत २६ प्रवासी गेले. त्यानंतर रात्री ११ ते पहाटे ५ डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद ठेवावेत अशी शिफारस झाली, आणि २०२१ पासून पश्चिम रेल्वेसह इतरत्रही ती अधिक कडकपणे पाळली जाऊ लागली. तेव्हा रात्री पॉइंट बंद दिसला तर तो बिघडलेला नसेल. आपल्या जिवासाठी ठेवलेला नियम आहे. चार्जिंग दिवसाउजेडी उरकून घ्या.

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ पासून मुंबईला विमान जाते, त्यामुळे आपल्या भागातले अनेक जण पहिल्यांदाच विमानात बसू लागले आहेत. विमानतळावरच्या क्ष-किरण तपासणीने लॅपटॉपमधला डेटा पुसला जात नाही, ती भीती सोडा. पॉवर बँक मात्र जमा करायच्या सामानात टाकू नका, ती सोबतच्या बॅगेतच न्यावी लागते. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढची चालत नाही. हिशोब सोपा आहे: २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-तास, त्याला ३.७ व्होल्टने गुणले की ७४ वॉट-तास होतात. ३०,००० ची पॉवर बँक १११ वर जाते, म्हणजे परवानगी लागणार. वॉट-तासांचा किंवा एमएएचचा आकडा पुसून गेला असेल, तर तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते.

“मराठीसाठी वेगळं सॉफ्टवेअर टाका लागते”

लागत नाही. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, आणि २०१९ पासून इंग्रजी अक्षरांच्या उच्चाराने मराठी लिहिण्याची सोयही आहे. दोन्ही युनिकोडमध्ये लिहितात, त्यामुळे मजकूर कुठेही उघडला तरी मराठीच दिसतो. कृतिदेवमध्ये टाइप केलेला अर्ज दुसऱ्या यंत्रावर तो फॉण्ट नसेल तर अगम्य चिन्हे होऊन बसतो.

“दुकानवाला डेटा काढून देते”

फिरत्या हार्ड डिस्कमधून पुसलेली फाइल अनेकदा परत काढता येते. एसएसडीत मात्र फाइल पुसल्यावर ती जागा यंत्र स्वतःच रिकामी करून टाकते, आणि मग कोणाच्याही हाती काही उरत नाही. गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर आपोआप जाणाऱ्या प्रतीवर विसंबणेही धोक्याचे आहे. तिथली आणि इथली फाइल एकमेकींना बांधलेली असते, इथे पुसली तर काही दिवसांनी तिथूनही जाते. सुरक्षित प्रत ती, जी लॅपटॉपपासून वेगळ्या डिस्कवर आहे आणि वापरून झाल्यावर काढून ठेवलेली आहे.

जातीचा दाखला, गुणपत्रिका, सातबारा यांचे फोटो अनेकांच्या लॅपटॉपमध्ये फक्त एकाच ठिकाणी असतात. मंडळांनी आणि सरकारी खात्यांनी डिजिलॉकरमध्ये दिलेली कागदपत्रे मूळ कागदाइतकीच कायदेशीर मानली जातात. जी तिथे मिळतात ती आधी तिथे मिळवून घ्या. बाकीची एखाद्या बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवा आणि तो ड्राइव्ह लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता घरी कपाटात ठेवा. लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी आणि प्रवासाला निघण्याआधी हे काम झालेले असू द्या.