विश्लेषण : गाडीचे ॲव्हरेज घसरले, दोष ‘ई२०’चा की ऑक्सिजन सेन्सरचा?

भडगाव ते जळगाव जाऊन-येऊन सुमारे १२० किलोमीटर. लिटरला १८ किलोमीटर धावणाऱ्या पेट्रोल मोटारीला या फेरीत साधारण ६.७ लिटर पेट्रोल लागते. तीच गाडी १४ वर आली तर ८.६ लिटर. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरले, तर एका फेरीमागे २०० रुपये जादा. महिन्याला २० फेऱ्या करणाऱ्याच्या खिशातून चार हजार रुपये जातात. ॲव्हरेज असे पडले की हल्ली पहिले बोट ‘ई२०’ पेट्रोलकडे जाते आणि गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की ऑक्सिजन सेन्सरकडे. सेन्सर बदलूनही ॲव्हरेज तेवढेच राहिले तर खर्च मात्र दुप्पट होतो. म्हणून आधी निदान कसे करायचे, हे समजून घ्यायला हवे.

‘ई२०’मुळे किती फरक पडतो?

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. लिटरमागे इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटणारच. नीती आयोगाच्या २०२१ मधील इथेनॉल मिश्रण आराखड्यानुसार, मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१०साठी जुळवलेल्या चारचाकींत ही घट ६ ते ७ टक्के असते. ई१०साठी बनवून ई२०साठी जुळवलेल्या गाड्यांत ती १ ते २ टक्के असते.

वरच्या उदाहरणात ७ टक्के घट धरली तरी भडगाव-जळगाव फेरीला ७.२ लिटर पेट्रोल लागेल. म्हणजे वाढीव १.९ लिटरपैकी जेमतेम अर्धा लिटर ई२०च्या खात्यावर जातो. उरलेल्या १.४ लिटरचे कारण गाडीतच शोधावे लागते.

ऑक्सिजन सेन्सर काय करतो?

इंजिनमधून निघालेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला, हे हा सेन्सर मोजतो. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक, असे साधारण दोन सेन्सर असतात. पेट्रोल किती सोडायचे याचा निर्णय मुख्यतः पहिल्याच्या आधारे होतो. दुसरा कन्व्हर्टरवर लक्ष ठेवतो. जर्मनीच्या बॉश कंपनीने बनवलेला हा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या मोटारीत पहिल्यांदा आला.

एक किलो साधे पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर ई२०ला साधारण १३.५ किलो. धुरात ऑक्सिजन जास्त दिसला की इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू, पेट्रोल वाढवतो. कमी दिसला की घटवतो. टाकीत ई१० असो वा ई२०, हे प्रमाण जुळवून घेता येते ते या सेन्सरच्या भरवशावर.

मग ॲव्हरेज कशामुळे पडते?

सेन्सर जुना होऊन सुस्त झाला, इंजिन ऑइलच्या काजळीने किंवा सिलिकॉन सीलंटच्या वाफेने खराब झाला, की त्याची माहिती उशिरा किंवा चुकीची मिळते. सिग्नल पूर्ण बंद पडला तर ईसीयू ठरावीक तक्त्यानुसार पेट्रोल सोडतो आणि ते बहुधा गरजेपेक्षा जास्त असते. अमेरिकी सरकारच्या इंधन बचतीच्या माहितीनुसार, सदोष ऑक्सिजन सेन्सरसारखा गंभीर बिघाड दुरुस्त केल्यास ॲव्हरेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकते. ही वरची मर्यादा आहे. प्रत्येक गाडीत एवढा फरक पडत नाही.

स्कॅनरवर सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच खराब का?

नाही. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, फक्त ऑक्सिजन दिसतो. सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या जोडाला गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. प्लग मिस होत असेल तर न जळलेला ऑक्सिजन धुरात येतो. दोन्ही वेळा चांगला सेन्सरही ‘ऑक्सिजन जास्त आहे’ असेच सांगतो आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो.

कोडचा अर्थही नीट वाचावा लागतो. पी ०१३३ म्हणजे सेन्सरचा प्रतिसाद संथ. पी ०१३५ म्हणजे सेन्सर तापवणाऱ्या हीटरच्या सर्किटमध्ये दोष. तो फ्यूज उडाल्यामुळे किंवा उंदराने वायर कुरतडल्यामुळेही येतो. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, पी ०१७२ म्हणजे जास्त. या शेवटच्या दोन कोडमध्ये सेन्सर दोषी असेलच असे नाही.

निदान कोणत्या क्रमाने करावे?

१. आधी खरे ॲव्हरेज काढा. टाकी फुल करा, किमान २००-३०० किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा फुल करा आणि किलोमीटरला लिटरने भागा. दोन-तीनदा केल्यावरच आकड्यावर विश्वास ठेवा. उन्हाळ्यात एसी सतत चालतो, म्हणून तुलना त्याच मोसमाशी करा.

२. टायरमधील हवा, चाकाला घासणारा ब्रेक, एअर फिल्टर आणि प्लग तपासा. थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल तर इंजिन थंड राहते आणि ईसीयू जास्त पेट्रोल सोडत राहतो.

३. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर लावा. मोबाइल ॲपला जोडणारे छोटे ब्लूटूथ उपकरणही चालते. कोड पुसण्याआधी त्याचा फोटो घ्या.

४. कोडवर न थांबता लाइव्ह डेटा पाहा. नेहमीच्या झिर्कोनिया सेन्सरचे व्होल्टेज गरम इंजिनवर ०.१ ते ०.९ व्होल्टदरम्यान सतत वर-खाली व्हायला हवे. एकदम रेस दिली की ते ०.९कडे आणि ॲक्सिलरेटर सोडताच ०.१कडे जायला हवे. तसे होत नसेल तर आधी वायरिंग आणि कपलर, मग सेन्सर. काही नव्या गाड्यांत वाइडबँड सेन्सर असतो. त्याला हा नियम लागू नाही, कंपनीचे आकडे पाहावे लागतात.

५. ‘लाँग टर्म फ्यूल ट्रिम’ हा आकडा वाचा. ईसीयू मूळ मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो वा घटवतो, ते यात कळते. ई२०वर जुन्या गाडीत तो काही टक्के अधिक दिसणे अपेक्षित आहे. अधिक १० टक्क्यांच्या बराच पुढे गेला तर गळती किंवा सेन्सरवर संशय घ्या. उणे बाजूला बराच गेला तर गळका इंजेक्टर किंवा इंधनाचा वाढलेला दाब तपासा.

पीयूसीची मदत होते का?

होते. बीएस-४ आणि त्यापुढील पेट्रोल मोटारींना आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. ट्रिम अधिक आणि कार्बन मोनॉक्साइडही जास्त, याचा अर्थ पेट्रोल आधीच पुरेसे असताना ईसीयू आणखी वाढवत आहे. अशा वेळी सेन्सर किंवा त्याच्या आधीची गळती यांवरचा संशय पक्का होतो. ट्रिम अधिक पण कार्बन मोनॉक्साइड कमी असेल तर इंजिनमध्ये खरोखरच जादा हवा शिरत असण्याची शक्यता जास्त. तेव्हा सेन्सर बदलून उपयोग होणार नाही.

दुर्लक्ष केले तर?

न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो अतितापून निकामी होऊ शकतो. त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम हे महागडे धातू असतात, त्यामुळे त्याची किंमत सेन्सरच्या कित्येक पट असते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. दिवा स्थिर असेल तर गाडी चालवता येते, पण तपासणी लांबवू नका.

गॅरेजमध्ये सेन्सर बदलायचे ठरले, तर आधी लाइव्ह डेटा स्क्रीनवर दाखवायला सांगा. बदलल्यानंतर तेच आकडे पुन्हा पाहा आणि पुढच्या दोन टाक्यांचे ॲव्हरेज लिहून ठेवा. जुना सेन्सरही मागून घ्या, कारण त्यावरची काजळी किंवा पांढरा थर पुढच्या बिघाडाचे कारण सांगू शकतो.