नायट्रो गट नेहमीच खोडा घालतो का?

कोणता गट बेंझिनला सक्रिय करतो आणि कोणता निष्क्रिय, कोणता गट नव्या गटाला ऑर्थो-पॅरा जागी पाठवतो आणि कोणता मेटा जागी, ही यादी बारावीत पाठ होते. यादी खोटी नाही. पण तिच्यामागचे कारण सुटले, की तिच्यातूनच गैरसमज उगवतात.

गैरसमज: बेंझिनमध्ये तीन दुहेरी बंध असतात, म्हणून त्याची समावेशन अभिक्रिया सहज व्हायला हवी.

वस्तुस्थिती: बेंझिनमधले सहाही कार्बन-कार्बन बंध सारख्याच लांबीचे, 139 पिकोमीटरचे असतात. एकेरी बंध 154चा आणि दुहेरी 134चा असतो. सायक्लोहेक्झीनच्या एका दुहेरी बंधावर हायड्रोजन चढवला, की मोलमागे सुमारे 120 किलोज्यूल उष्णता सुटते. बेंझिनमध्ये असे तीन सुटे बंध असते तर 360 सुटली असती. प्रत्यक्षात 208च सुटते. हा दीडशे किलोज्यूलचा फरक म्हणजे वलयाचे जादा स्थैर्य. समावेशनात ते गमवावे लागते, प्रतियोजनात मात्र शेवटी परत मिळते. म्हणून बेंझिनचा कल प्रतियोजनाकडे.

गैरसमज: प्रतियोजनात हायड्रोजन निघून जातो, म्हणजे तो तुटण्यावरच वेग ठरत असणार.

वस्तुस्थिती: तसे असते, तर हायड्रोजनच्या जागी जड ट्रिटियम ठेवल्यावर वेग मंदावला असता. 1950 मध्ये स्वीडनच्या लार्स मेलँडर यांनी नायट्रेशनमध्ये हे तपासले. असा फरक दिसला नाही. अवघड टप्पा आधीचा आहे: नायट्रोनियम आयन वलयाला जोडला जातो आणि वलयावर धन प्रभार येतो. हा प्रभार सावरायला मदत करणारा गट वेग वाढवतो, अडचण करणारा घटवतो. बेंझिनच्या तुलनेत टोल्युइनचे नायट्रेशन वीस-पंचवीस पट जलद होते, तर नायट्रोबेंझिनचे एक कोटी पटींहून अधिक मंद.

गैरसमज: वेग घटवणारा गट नव्या गटाला मेटा जागीच पाठवतो.

वस्तुस्थिती: क्लोरोबेंझिन बेंझिनपेक्षा तीसेक पट मंद, तरी त्याच्या नायट्रेशनमध्ये सुमारे 70 टक्के पॅरा आणि 30 टक्के ऑर्थो उत्पादित मिळते. क्लोरीन सिग्मा बंधातून इलेक्ट्रॉन ओढतो, त्यामुळे सगळ्याच जागा मंदावतात. पण प्रभार ऑर्थो किंवा पॅरा जागेवरच्या हल्ल्यातून आला असेल, तर क्लोरीन आपली इलेक्ट्रॉन-जोडी देऊन तो थोडा सावरतो. मेटा हल्ल्यात ही मदत पोहोचत नाही.

गैरसमज: अमिनो गट सक्रिय करणारा, म्हणून तो कायम तसाच वागतो.

वस्तुस्थिती: तीव्र आम्लात ॲनिलीन प्रोटॉन घेते. नायट्रोजनची मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी अडकते आणि गटावर धन प्रभार येतो. म्हणूनच ॲनिलीनच्या थेट नायट्रेशनमध्ये 47 टक्क्यांच्या आसपास मेटा उत्पादित निघते. रचना पाहायची ती बाटलीवरच्या नावाची नव्हे, अभिक्रियेच्या मिश्रणात असलेल्या रेणूची.

गैरसमज: नायट्रो गट वलयाला सदैव मंदावतो.

वस्तुस्थिती: हल्लेखोर बदलला, की हिशेब उलटतो. क्लोरोबेंझिनमधला क्लोरीन काढून हायड्रॉक्सिल बसवायचा, तर सोडियम हायड्रॉक्साइडसोबत सुमारे 350 अंश सेल्सिअस आणि 300 वातावरणांचा दाब लागतो. पॅरा जागी एक नायट्रो गट असला तर 170 अंश पुरतात, ऑर्थो-पॅरा मिळून दोन असले तर 95, आणि तीन असले तर कोमट पाणीही चालते. इथे वलयावर ऋण प्रभार येतो आणि नायट्रो गट तो आनंदाने वाटून घेतो.

याच मार्गात फ्लोरीन क्लोरीनपेक्षा जलद निघतो, जरी कार्बन-फ्लोरीन बंध अधिक मजबूत असतो. कारण बंध तुटणे हा इथेही नंतरचा, सोपा टप्पा. आधी हल्लेखोर जोडला जातो आणि फ्लोरीन तो हल्ला सुलभ करतो. फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनची रचना शोधताना 2,4-डायनायट्रोफ्लोरोबेंझिन वापरले, ते प्रथिनाच्या अमिनो टोकाशी सौम्य परिस्थितीत जोडले जाते म्हणून.

1937 मध्ये लुई हॅमेट यांनी गटांच्या या प्रभावाला आकडे दिले. त्यांच्या समीकरणातला अभिक्रियेचा स्थिरांक ऱ्हो ऋण आला तर अवघड टप्प्यात धन प्रभार वाढतो आहे, धन आला तर ऋण. तेव्हा यादी उघडण्याआधी एवढेच विचारावे: अवघड टप्प्यात वलयावर कोणता प्रभार येतो आहे?