सेफ्टी व्हॉल्व्हवर ठेवलेलं वजन

एप्रिल अर्धा सरला, रस्त्यावरचं मीठ पावसाने धुऊन गेलं, की मिशिगनमध्ये घरोघरच्या गॅरेजची दारं उघडतात. गेल्या वर्षी आमचंही उघडलं. लेकाने स्वतःच्या कमाईतून जुनी सुबारू डब्ल्यूआरएक्स घेतली होती, २००२ची. गाडी त्याच्यापेक्षा वयाने मोठी! आठवड्याभरात टपालाने एक डबी आली. आत अंगठ्याएवढा पितळी तुकडा, त्याला नळी जोडायला दोन तोंडं आणि डोक्यावर एक स्क्रू.

"बाबा, मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर. अर्ध्या तासाचं काम आहे."

मी पुण्यात मेकॅनिकल शिकलो आणि इथे वाहन उद्योगात वीस वर्षं काढली. 'नको' म्हणणं सोपं होतं. पण मी नको म्हटलं असतं, तर त्याने तेच काम मित्राच्या घरी उरकलं असतं. म्हणून म्हटलं, "करू. पण हे नेमकं काय करतं, ते आधी समजून घे."

टर्बोचं तत्त्व साधं आहे. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूवर एक चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात हवा कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. हा दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून वेस्टगेट नावाची झडप असते. दाब वाढला की एका बारीक नळीतून तो तिच्या अ‍ॅक्च्युएटरला कळतो, झडप उघडते आणि वायू चाकाला वळसा घालून निघून जातो. या गाडीत त्या नळीवर कंप्युटरचा सोलेनॉइड पहारा देतो. इंजिन नॉक करायला लागलं, म्हणजे ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटायला लागलं, की तो दाब कमी करू शकतो.

बूस्ट कंट्रोलर त्या नळीच्या मध्ये बसतो. आत एक गोळी आणि एक स्प्रिंग. दाब स्प्रिंगपेक्षा वरचढ होईपर्यंत गोळी हलत नाही, आणि तोवर वेस्टगेटला काही कळतच नाही. स्क्रू आवळला की स्प्रिंग कडक होते, बातमी आणखी उशिरा पोचते.

हे सगळं चालू असताना सांगलीहून आबांचा व्हिडिओ कॉल आला. आबांची उभी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली. नातवाने कॅमेऱ्यासमोर तो तुकडा धरून कौतुकाने सगळं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे सेफ्टी व्हॉल्व्हवर वजन ठिवताय की रं. काटा कुठाय? काटा बसवल्याबिगर हात लावू नगा."

तीन वाक्यांत मी सांगायला हवं होतं ते सगळं आलं. अर्ध्या तासाचं काम दुसऱ्या शनिवारवर गेलं. आधी बूस्ट गेज मागवून मॅनिफोल्डच्या नळीला टी लावून जोडला. काहीही न बदलता गाडी फिरवली. काटा १४ पीएसआयच्या जरा खाली थांबत होता. तो आकडा वहीत लिहिला.

मग कंट्रोलर बसवला. टर्बोकडून येणारी नळी एका तोंडाला, वेस्टगेटकडे जाणारी दुसऱ्या. तुकड्यावरचा बाण वेस्टगेटच्या दिशेला. सोलेनॉइडच्या नळ्या काढून बुजवल्या, पण वायर तशीच ठेवली, नाहीतर डॅशबोर्डवर दिवा लागतो. मूळ नळीत बारीक छिद्राचा एक रोधक असतो. तो नव्या जोडणीत राहिला तर बातमी अडते आणि दाब उसळतो, म्हणून नवी नळी वापरली. कंट्रोलरच्या अंगावरचं सुईएवढं भोक उघडं आहे ना, तेही पाहिलं. पाय काढल्यावर नळीत अडकलेली हवा तिथूनच निसटते. स्क्रू पूर्ण सैल, टाकीत ९३ ऑक्टेन.

पहिल्या फेरीत काटा ८ वर थांबला. मग अर्धा-अर्धा फेरा. १०, १२, १३. प्रत्येक वेळी तिसरा गिअर, मोकळा रस्ता, तो चालवतोय आणि माझी नजर काट्यावर. चिरंजीव खूश. पाचव्या फेरीला काटा १४ वर थांबलाच नाही. १५, १६... "पाय काढ!" मी ओरडलो, तेवढ्यात इंजिनाने जोराचा गचका दिला. दाब फार झाल्याने कंप्युटरने पेट्रोल तोडलं होतं.

बॉनेट उघडलं तर वेस्टगेटकडची नळी सुटलेली. तिथे मी स्वतः प्लास्टिकची पट्टी आवळली होती, 'आत्तापुरती' म्हणून. नळी सुटली की वेस्टगेटला कधीच काही कळत नाही, झडप बंदच राहते आणि दाब चढतच जातो. काटा नसता, तर आम्हाला ते पिस्टन फुटल्यावर कळलं असतं. वीस वर्षांचा अनुभव आणि चूक माझी. त्याला तसं स्पष्ट सांगितलं.

संध्याकाळी त्याला इथल्याच लॅन्सिंगच्या ओल्ड्समोबिलची गोष्ट सांगितली. १९६२ मध्ये त्यांनी जेटफायर काढली, जगातल्या पहिल्या टर्बो प्रवासी गाड्यांपैकी एक. नॉक टाळायला तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारलं जाई. टाकी रिकामी झाली, तर दाब आपोआप कमी होण्याची सोयही होती. पुष्कळ मालक ती टाकी भरायला विसरायचे. त्या इंजिनिअरांनी माणसाचा विसरभोळेपणा धरूनच वेगळी झडप ठेवली होती. आम्ही मात्र आमच्या गाडीतली तशी सोय काढून तिथे स्क्रू बसवला होता.

असं काही करायचा विचार असेल, तर तुमच्याकडचे नियमही आधी बघा. मिशिगनमध्ये धूर तपासणी नाही, पण कॅलिफोर्नियात न मंजूर केलेला भाग दिसला तर गाडी नापास होते. विमा कंपनीला बदल कळवावा. भारतातल्या भाचे-पुतण्यांनी तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचावं.

दुसऱ्या दिवशी लोखंडी क्लॅम्प लावले आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. काटा १४ वर आला. मी पाना पुढे केला, तर लेक म्हणाला, "राहू दे बाबा, इथेच लॉकनट आवळ."

"मग एवढ्या खटाटोपात मिळालं काय? आकडा तर होता तोच!"

"काटा मिळाला ना," तो म्हणाला.

आता दर रविवारी सांगलीहून पहिला प्रश्न तोच येतो, "काटा कितीवर हाय?" आणि तो गाडीत जाऊन बघून येतो.