आठवणी लिहायच्या, पण कशाच्या?



दरवेळी या पानावर मी बेणे, खोडवा, हुमणी यांबद्दल लिहितो. यावेळी विषय जरा बांधाबाहेरचा आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत गट ऑफिसात येणारे जुने सभासद ऊस नोंदीचे काम झाले की हळूच पिशवीतून वही काढतात. "साहेब, आठवणी लिहितोय. जरा नजर टाका." माझा डिप्लोमा शेतीचा, साहित्याचा नव्हे, असे सांगूनही वही टेबलावर राहतेच. अशा पाच-सहा वह्या आजवर वाचून झाल्या. ज्यांनी उमेदीच्या वयात पोटाला चिमटा घेऊन कारखान्याचा भाग घेतला, ती पिढी आता ऐंशीच्या पुढे गेली. त्यांनी लिहिले नाही तर ते त्यांच्याबरोबरच जाईल, म्हणून हा लेख.

बहुतेक वह्या एकाच जागी अडतात. जन्मापासून सगळे क्रमाने लिहिलेले असते, पण वही कशाबद्दल आहे ते सापडत नाही.

एक उदाहरण सांगतो. परवानगी घेतलेली आहे. नाव सांगत नाही, तात्या म्हणू. वय त्र्याऐंशी. दोनशे पानी चार वह्या. शाळा, तालीम, १९७२ चा दुष्काळ, विहीर, पहिली इलेक्ट्रिक मोटर, सोसायटीची निवडणूक, कोणत्या सभेला कोण पाहुणे होते आणि हार कोणी घातला. को ७४० चे एकरी टनेज किती पडले तेसुद्धा. मी आठ रात्री वाचत होतो. खरं सांगायचं तर शिवारातली नोंदवही वाचल्यासारखे वाटले. तारीख बरोबर, आकडा बरोबर, माणूस मात्र कुठेच नाही.

"ह्यात चुकलंय काय?" तात्यांनी विचारले.

चुकले काहीच नव्हते. मी म्हणालो, "तात्या, ही वही कशाची?"

"माझ्या आयुष्याची."

"ते झालंच. पण त्यातल्या कशाची?"

तात्या गप्प. मलाही त्या दिवशी पुढे काही सांगता आले नाही. मग कारखान्याच्या वाचनालयातली चार पुस्तके काढून बसलो.

आत्मचरित्र म्हणजे सबंध आयुष्य, अशी आपली समजूत असते. गांधीजींचे आत्मचरित्र १९२५ ते १९२९ या काळात 'नवजीवन'मध्ये हप्त्याहप्त्याने आले. आयुष्यातली प्रत्येक गोष्ट नोंदवायचा हट्ट त्यांनी धरला नाही. कशाचे लिहिणार ते नावातच सांगून टाकले, सत्याचे प्रयोग. यशवंतराव चव्हाणांचे 'कृष्णाकाठ' १९८४ साली निघाले. राज्याचे मुख्यमंत्री आणि देशाचे संरक्षणमंत्री झालेला माणूस, पण हे पुस्तक १९४६ लाच थांबते. पुढचे भाग लिहायचे त्यांच्या मनात होते, परंतु त्याच वर्षी ते गेले. तरी पुस्तक अर्धवट वाटत नाही. कृष्णाकाठच्या एका मुलाची घडण हा त्याचा विषय आणि तो पुरा झालेला आहे.

आपल्या लोकांना सर्वांत जवळचे वाटेल ते आनंद यादवांचे 'झोंबी' (१९८७). कागलचे गरीब शेतकरी घर. बाप म्हणतो शेतात राब, पोराला हवी शाळा. त्यात शेतीची कामे आहेत, भावंडे आहेत, उपासमार आहे, पण कुठलाही प्रसंग घ्या, तो शेवटी त्या शाळेपाशी येऊन टेकतो. पुढच्या शिक्षणाची हकिगत त्यांनी 'नांगरणी' या वेगळ्या पुस्तकात घेतली. एका वाफ्याचे पाणी दुसऱ्यात सोडले नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचे मात्र उलटे झाले. पतीच्या, म्हणजे रेव्हरंड टिळकांच्या, चरित्राला उपयोगी पडावे म्हणून त्या आठवणी लिहायला बसल्या आणि त्यातून झाले 'स्मृतिचित्रे' (१९३४ ते १९३६). लिहायचे होते नवऱ्याबद्दल, उभी राहिली ती बाई स्वतः. तेव्हा सूत्र आधीच पक्के पाहिजे असेही नाही. लिहिता लिहिता ते जागा बदलते, बदलू द्यावे.

माझ्या समजुतीप्रमाणे यात दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. एक सूत्र आणि दुसरे सांगणे. सूत्र म्हणजे ज्या एका गोष्टीशी माणूस आयुष्यभर झटत राहिला ती. सांगणे म्हणजे त्यातून त्याला काय उमगले ते. पुष्कळजण सांगण्यापासून सुरुवात करतात. "नव्या पिढीने कष्ट करावेत, व्यसनापासून दूर राहावे." असे लिहायला घेतले की त्याचे भाषण होते, आणि भाषणे आपण वार्षिक सभेत पुरेशी ऐकतो. सांगणे शेवटी निघते. उसाचा रस गाळपाआधी कसा निघणार?

आता सूत्र शोधायचे कसे? मला माझ्या धंद्यातलीच रीत सुचली. मातीचा नमुना आपण कसा घेतो? प्लॉटमध्ये नागमोडी फिरत पंधरा-वीस ठिकाणची माती घ्यायची. बांधाजवळची, विहिरीजवळची, खताच्या ढिगाजवळची घ्यायची नाही. सगळी एकत्र मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे, असे करत करत अर्धा किलो ठेवायची. तात्यांना म्हणालो, वह्या बाजूला ठेवा. क्रम विसरा. जी आठवण रात्री आपोआप येते अशा वीस आठवणी एकेका ओळीत लिहा. सत्कार, हारतुरे, उद्घाटने नकोत. ती खताच्या ढिगाजवळची माती. मग वीसाच्या दहा करा आणि दहाच्या पाच.

पंधरा दिवसांनी तात्या पाच ओळी घेऊन आले. दुष्काळातली खडी फोडणारी आई. मुंबईहून आलेली मनिऑर्डर. विहिरीवरच्या पाळीवरून झालेले भांडण. पुतणीच्या लग्नात मांडवाबाहेर उभे राहिलेले ते स्वतः. आणि गुऱ्हाळाकडे वळलेली एक बैलगाडी. पाचांपैकी चार ओळींत धाकटा भाऊ होता. आठशे पानांच्या वह्यांत हा भाऊ पहिल्या वहीत तालमीपर्यंत दिसतो, नंतर नाहीच. मी तेवढेच दाखवले. तात्यांनी कागद घडी करून खिशात घातला, चहा तसाच ठेवला आणि गेले. दोन महिने ऑफिसकडे फिरकले नाहीत. आपण नको तिथे कुदळ घातली असे मला वाटत राहिले.

मग एका संध्याकाळी त्यांनीच वस्तीवर बोलावले. १९६९ साली कारखान्याचा भाग घ्यायला पैसे कमी पडत होते. धाकटा मुंबईला गिरणीत होता. निम्मे पैसे त्याने मनिऑर्डरने पाठवले, निम्मे तात्यांनी म्हैस विकून घातले. भाग तात्यांच्या नावावर, कारण गावात तेच होते. त्यात लबाडी नव्हती. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप झाला, धाकटा बायकापोरांसह गावी आला, दोन वर्षांत वाटणी झाली. जमीन निम्मी, विहिरीला पाळी. भागाचा विषय कोणी काढला नाही. धाकट्याने ऊस केला, तो बिगर सभासदाचा. सभासदांचा ऊस आधी तुटायचा, याचा शेवटी. उन्हाळ्यात वाळत उभा राहिलेला ऊस वजनाला किती घटतो ते तुम्हां-आम्हांला सांगायला नको. एका वर्षी त्याने कंटाळून सगळा गुऱ्हाळाला घातला. त्याची गाडी तात्यांच्या दारावरून गेली.

"त्यो काय बोलला न्हाई. मीबी बोललो न्हाई," तात्या म्हणाले. "कागद माझ्या नावाचा हुता. बोलायला पयलं मी जायाला पायजे हुतं."

चार वह्यांत नव्हते ते या दोन वाक्यांत होते. 'भाग' या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ, कारखान्यातला आणि वाटणीतला. तात्यांची वही या दोन भागांची आहे. विहीर, मोटर, दुष्काळ, निवडणूकसुद्धा, सगळे तिच्यात येईल. ज्याचा या भागांशी संबंध नाही ते मागे राहील. हारतुऱ्यांची पाने गेली याचे तात्यांना वाईट वाटले, मला नाही.

एक अडचण मात्र सर्वांनाच येते. अशा वहीत जिवंत माणसे असतात. छापण्याआधी, निदान घरात वाचायला ठेवण्याआधी, ज्याच्याबद्दल लिहिले त्याला वाचून दाखवावे असे माझे मत आहे. त्याची आठवण वेगळी निघाली तर तीही लिहावी, शेजारी शेजारी. मनिऑर्डरची रक्कम दोघांच्या तोंडून वेगळी येण्याचा संभव आहेच.

तात्यांनी पाचवी वही सुरू केली आहे. सुरुवात मनिऑर्डरपासून. वीस-बावीस पाने झाली. धाकट्याचे घर बांधापलीकडे आहे, तेही आता ऐंशीचे. पाडव्याला वही घेऊन जातो म्हणाले होते. पाडवा झाला, अजून गेलेले नाहीत. मी परवा विचारले तर म्हणाले, अक्षर जरा सुधारून घेतोय.

ज्या सभासदांच्या वह्या अडल्या असतील त्यांनी गट ऑफिसात जरूर यावे. गुरुवारी दुपारी तीननंतर मी जागेवर असतो. आडसाली लागणीच्या नोंदी चालू असतील तेव्हा थोडे थांबावे लागेल.