मोटारीच्या नव्या बॅटरीचे प्रथम भारण

मुळशीच्या तलावाची आणि मोटारीच्या बॅटरीची जात एकच, असे म्हटले तर प्रथमदर्शनी ते विलक्षण वाटेल. परंतु ऊर्जेच्या दृष्टीने पाहता दोहोंचे कार्य साठवण हेच होय. टाटांच्या कंपनीने मुळा नदीवर बांधलेल्या धरणाचे पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिमेस नेले जाते, सुमारे पाचशे मीटर खाली कोसळते आणि भिरा येथील जनित्रे फिरविते. १९२७ साली हे वीजकेंद्र सुरू झाले. या साठवणीखाली मावळातील अनेक गावे गेली व सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात त्याविरुद्ध सत्याग्रह झाला, हे तुलना करतानाही विसरता येत नाही. पुढे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात भिरा येथेच खालचे पाणी पुन्हा वर चढवून साठविणारा संचही उभा राहिला. ‘भारण’ (व्यवहारातील शब्द चार्जिंग) ही क्रिया याहून निराळी नाही. फरक इतकाच, की तेथे पाणी उंचावर चढविले जाते आणि येथे शिशाची संयुगे अधिक ऊर्जेच्या अवस्थेत नेली जातात.

प्रस्तुत लेखाचा प्रश्न मर्यादित आहे. दुकानातून आणलेली नवी बॅटरी मोटारीत बसविण्यापूर्वी बाहेर भारित करावी काय? पौड, पिरंगुट, भूगाव या बाजूस कोणाही कारागिरास विचारले तर बहुधा उत्तर मिळते, ‘‘काही गरज नाही, गाडी चालली की आपोआप चार्ज होईल.’’ या उत्तरात तथ्य नाही असे नव्हे. पण ते अर्धेच तथ्य आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत बॅटरीच्या आयुष्यातून वसूल होते.

प्रथम रासायनिक बाजू पाहू. १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच संशोधकाने शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पहिला पुनर्भारणक्षम घट तयार केला. पत्र्यांवर कार्यक्षम थर ‘घडविण्यासाठी’ त्याला ते अनेकदा भारित व विसर्जित करावे लागत. १८८१ साली कामिय फोर याने शिशाच्या ऑक्साइडाचा लेप देण्याची युक्ती काढली आणि घट व्यवहारोपयोगी झाला. पाठोपाठ ग्लॅडस्टन व ट्राइब यांनी जी उपपत्ती मांडली तीच आजही ग्राह्य आहे. विसर्जनाच्या वेळी धन पट्टिकेवरील लेड डायॉक्साइड आणि ऋण पट्टिकेवरील सच्छिद्र शिसे, दोन्हींचे लेड सल्फेटात रूपांतर होते. अम्ल खर्ची पडते व पाणी निर्माण होते. भारणात नेमके उलट घडते. फॅरडेच्या नियमानुसार हिशेब केल्यास दर अँपिअर-तासास प्रत्येक घटात ३.८७ ग्रॅम शिसे, ४.४६ ग्रॅम डायॉक्साइड आणि ३.६६ ग्रॅम गंधकाम्ल कामी येते. अम्ल हे येथे केवळ वाहक माध्यम नसून स्वतः इंधन आहे. म्हणूनच अम्लाचे विशिष्ट गुरुत्व पाहून भाराची मात्रा सांगता येते.

पूर्वी बॅटऱ्या कोरड्या येत. पट्टिका भारित नसतील तर अम्ल भरून मंद प्रवाहाने कित्येक तास, प्रसंगी दोन-तीन दिवस, प्रथम भारण करावे लागे. नंतर कारखान्यातच भारित करून वाळविलेल्या पट्टिका आल्या. त्यांत अम्ल भरताच अर्ध्या तासात बॅटरी काम देऊ लागते, असे सांगितले जाते. मात्र आर्द्र हवेत झाकण सैल राहिले तर ऋण पट्टिकेवरील सच्छिद्र शिशाचे ऑक्सीकरण होते आणि भाराचा काही अंश अम्ल भरण्यापूर्वीच नाहीसा झालेला असतो. ताम्हिणीच्या पायथ्याशी पावसाळ्यात ठेवलेल्या मालाबाबत ही शंका घेण्यास जागा आहे. आजच्या मोटारींच्या बॅटऱ्या बहुतांशी कारखान्यातच अम्ल भरून, बंद करून येतात. त्यांच्या जाळ्यांत अँटिमनीऐवजी कॅल्शियमाचा अंश असतो व त्यामुळे स्वयंविसर्जन बरेच कमी, साधारण तापमानास महिन्याला दोन-तीन टक्के, होते. परंतु तापमान दहा अंशांनी वाढले की हा वेग सुमारे दुप्पट होतो. पत्र्याच्या छपराखालील गोदामात एक उन्हाळा काढलेली ‘नवी’ बॅटरी चतुर्थांश रिकामी असणे मुळीच अशक्य नाही. बॅटरी ज्या दिवशी विकत घेतली त्या दिवशी जन्मत नाही. तिचा जन्मदिनांक आवरणावर सांकेतिक अक्षरांत ठोकलेला असतो आणि तो विक्रेत्याकडून समजावून घेणे हे ग्राहकाचे पहिले काम.

आता असे विचारता येईल, की अशा बॅटरीने गाडी सुरू होते, मग बिघडले कुठे? फसगत नेमकी येथेच आहे. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत केटरिंगचा विद्युत् स्टार्टर आला तेव्हापासून बॅटरीचे मुख्य काम क्षणभर प्रचंड प्रवाह देणे हे झाले. समजा, २०० अँपिअर प्रवाह दोन सेकंद लागला, तर खर्च झाला ४०० कूलंब, म्हणजे अवघा ०.११ अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ९ अँपिअर-तासांची तूट असली तरी स्टार्टरला तिचा पत्ता लागत नाही. गाडी सुरू होणे हा बॅटरी जिवंत असल्याचा पुरावा होय, ती पूर्ण भारित असल्याचा नव्हे.

तूट राहिली की लेड सल्फेट पट्टिकेवर पडून राहते. ताजे सल्फेट सूक्ष्म स्फटिकांचे असते व भारणात सहज विरघळते. कालांतराने लहान स्फटिक विरघळून मोठ्यांवर बसतात, मोठे अधिक मोठे होतात आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ घटते. असे जुने सल्फेट नेहमीच्या दाबाने पुरते परत येत नाही. यालाच व्यवहारात ‘बॅटरी सल्फेट झाली’ असे म्हणतात. हा व्यय हळूहळू होतो. दोष बहुधा बॅटरी बनविणाराच्या माथी मारला जातो.

मोटारीतले जनित्र ही तूट भरून का काढीत नाही? कारण ते भारणयंत्र म्हणून योजिलेलेच नाही. त्याचा नियामक दाब साधारण १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान राखतो. आरंभी प्रवाह जोरात जातो, पण भार सुमारे ८० टक्क्यांवर पोहोचला की तो झपाट्याने ओसरतो. उरलेले सल्फेट पट्टिकेच्या खोल रंध्रांत असते. ते विरघळणे आणि नव्याने निर्माण होणारे अम्ल रंध्रांतून बाहेर पसरणे, या दोन्ही क्रिया विसरणावर अवलंबून आहेत व विसरणाला घाई करता येत नाही. शेवटचा पाचवा हिस्सा भरण्यास कित्येक तास लागतात. पौडहून पुण्यास जाण्याचा तास-दीड तासाचा प्रवास त्याला पुरत नाही. त्यातही मुळशीचा पाऊस ध्यानात घ्यावा. भर दिवसा दिवे लावावे लागतात, काचेवरील वायपर आणि आतला पंखा अखंड चालतात. हा भार सहज वीस अँपिअरच्या घरात जातो. घाटात रांगेत गाडी मंद फिरत असेल तर जनित्राची शक्तीही घटलेली असते.

याउलट दुसरे टोक आहे. धरणाच्या काठी सुट्टीपुरती वापरली जाणारी घरे आता पुष्कळ झाली आहेत व तेथे ठेवलेली गाडी आठवडेच्या आठवडे जागची हलत नाही. बंद गाडीतही घड्याळ, कुलूपयंत्रणा, संगणक यांना काही मिलिअँपिअर लागतातच. ३० मिलिअँपिअर धरले तर दिवसास ०.७२, तीन आठवड्यांत सुमारे १५ अँपिअर-तास. आधीच ९ ची तूट असलेल्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत मग ११ उरतात. आणि अशी गाडी पहाटे, पावसात, जवळपास दुकान नसता बंद पडते. आजाऱ्यास पुण्यास न्यावयाचे असेल तर हा प्रश्न केवळ पदार्थविज्ञानाचा राहत नाही.

तेव्हा मोजून निर्णय घ्यावा. बॅटरी काही तास स्वस्थ ठेवून मग दाब मोजला असता १२.६ व्होल्ट वा अधिक आला, तर सर्वसाधारण बंद बॅटरीस प्रथम भारणाची आवश्यकता नाही. तरीही ते केलेच पाहिजे हा आग्रह अतिरेकी होय. १२.४ च्या आसपास आला तर सुमारे चतुर्थांश तूट समजावी व भारण करावे. १२ च्या खाली गेलेली बॅटरी ‘नवी’ म्हणून स्वीकारूच नये. मात्र येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. घटाचा दाब अम्लाच्या विशिष्ट गुरुत्वात ०.८४ मिळविल्याने स्थूलमानाने मिळतो. १.२८० गुरुत्वाच्या अम्लास सहा घटांचे १२.७२ व्होल्ट होतात. उष्ण प्रदेशांसाठी १.२४० गुरुत्वाचे अम्ल भरण्याची रूढी आहे. तेथे पूर्ण भारित बॅटरीही १२.४८ व्होल्टच दाखविते. थंड देशांतील कोष्टक जसेच्या तसे लावणारा विद्यार्थी अशा बॅटरीस रिकामी ठरवील आणि विनाकारण उकळवीत बसेल. बुचे उघडता येत असतील तर हायड्रोमीटर अधिक विश्वसनीय. त्याचे वाचन २७ अंश सेल्सियसला आणताना दर अंशास ०.०००७ ची दुरुस्ती करावी.

भारणाचा प्रवाह धारकतेच्या दशांशापेक्षा अधिक नसावा, म्हणजे ३५ अँपिअर-तासांस साडेतीन अँपिअर. चतुर्थांश तूट तीन तासांत बव्हंशी भरते, पण वर सांगितलेल्या कारणास्तव यंत्र आणखी काही तास मंद प्रवाहावर राहू द्यावे. प्रत्येक घटाचा दाब सुमारे २.४ व्होल्टच्या वर गेला की पाण्याचे विघटन वाढू लागते. अतिरिक्त भारणाच्या एका अँपिअर-तासात सहा घटांतून अडीच लिटर हायड्रोजन बाहेर पडू शकतो व हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले की ठिणगी पुरते. म्हणून जागा हवेशीर असावी, चिमटे आधी जोडावेत आणि मग यंत्राचे बटण दाबावे. काढताना उलट क्रम ठेवावा. काचतंतूंची चटई असलेल्या बंद बॅटऱ्यांना या वायूचा ऱ्हास भरून काढता येत नाही, तेव्हा त्यांच्या निर्मात्याने सांगितलेली दाबाची मर्यादा ओलांडू नये.

या साऱ्यास वीज किती लागते? संपूर्ण रिकामी ३५ अँपिअर-तासांची बॅटरी भरण्यास, व्यय धरून, सुमारे ०.६ युनिट. मुळशीचे एक घनमीटर पाणी पाचशे मीटर उतरले तर सैद्धांतिक १.३६ युनिट देते, प्रत्यक्षात १.२ धरले तरी बॅटरी भरण्यास अर्धा घनमीटर पाणी पुरे. नव्या बॅटरीतील चतुर्थांश तूट भरण्यास तर एका पिंपाहूनही कमी.

भारणानंतर लगेच दाब मोजू नये. पृष्ठभागावरील क्षणिक भार ओसरण्यास रात्रभर अवधी द्यावा. बसविताना धन टोक प्रथम व ऋण टोक शेवटी जोडावे, जेणेकरून पाना गाडीच्या पत्र्यास टेकला तरी मंडल पुरे होणार नाही. जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या हाती न देता विक्रेत्याकडे परत करावी. तिच्या पुनर्वापराची जबाबदारी २०२२ च्या केंद्रीय नियमांनी उत्पादकावर टाकली आहे, आणि शिसे ओढ्यात उतरले तर ते परत काढता येत नाही.