पागोळ्या आणि नातवंडांचे नकाशे

आर्किटेक्चर शिकणारी आपली नातवंडे घर, झाडे आणि पाणी यांचा एकत्र विचार करून नकाशे काढतात. ते पाहून आम्हांला अलिबागकडची कौलारू घरे आठवतात. तिथे वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस. म्हणून छप्पर उतरते आणि पागोळ्या भिंतीपासून दूर.

बेर शेव्यात पाऊस हिवाळ्यात, सुमारे २०० मिलिमीटर. इथे पाणी धरून ठेवायचे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १०० चौरस मीटर छपराचे सारे पाणी टाकीत धरले, तर वर्षाला २०,००० लिटर! त्यावर उन्हाळ्यात अंगणातली झाडे जगतात, त्यांच्या सावलीने घर थंड राहते.

पागोळ्या पाहिलेली पिढी आपलीच. नातवंडांना जुन्या घराबद्दल आजच सांगू या.